आधी पावले पाहावीत

नांदगाव तालुक्यात अंगणवाड्यांच्या देखरेखीचे काम करीत असताना, ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या एका कुटुंबातील दोन वर्षांच्या मुलाच्या नावापुढे वजनाचा समाधानकारक आकडा लिहिलेला मी पाहिला, आणि त्याची आजीही कौतुकाने म्हणाली, "बाई, आता कुठं बाळसं धरतोय बघा." तथापि त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने जरा वेळ दाब दिल्यावर उमटलेला खळगा भरून येईना, काट्यावर चढलेले वजन शरीरात साचलेल्या पाण्याचे होते. कुपोषणामुळे दोन्ही पायांवर अशी सूज आली असता, अन्य मापे काहीही सांगोत, ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे आपल्या दप्तरातले 'सॅम', समजावे असा दंडक आहे. त्याची रवानगी पोषण पुनर्वसन केंद्रात करावी लागली. तेव्हापासून नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक सेविकेला मी सांगत आले की, काट्याकडे वळण्यापूर्वी पावले पाहा.

दंडघेराच्या पट्टीविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला तर तो तांबड्या रंगात, त्यापुढे १२.५ पर्यंत पिवळ्या रंगात येतो; अर्थात रेसभर फरकानेही मुलाचा आहार मंजूर वा नामंजूर होऊ शकतो. म्हणून डावा कोपर दुमडून खांद्याच्या आणि कोपराच्या टोकांमधला मध्य काढावा, मग हात सैल सोडून, झबल्याची बाही वर सारून, कातडीला न आवळता पट्टी लावावी. (सॅमची संख्या वाढली की वरून जाब विचारला जातो आणि पट्टी आपोआप सैल पडू लागते, हेही मी पाहिले आहे.) उंचीनुसार वजन आणि दंडघेर ही मापे नेहमी त्याच मुलांना हेरीत नाहीत, यास्तव दोहोंपैकी एकात जरी मूल सापडले तरी त्याला सोडू नये. उंचीपुरते इतकेच, की दोन वर्षांखालील मूल निजवून आणि त्यावरील उभे करून मोजावे, कारण निजवून घेतलेले माप सुमारे ०.७ सेंटीमीटर अधिक भरते.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी पिवळ्या रंगातील मुलांचे माप पुन्हा घेऊन, तारखेसह आईजवळच्या कार्डावर लिहून द्यावे. नाहीतर फडाजवळच्या सेविकेला मागचा आकडा कोठून कळणार?