तंबूत सीपॅप कसे चालवावे?

प्रश्न : वडिलांना स्लीप ॲप्निया आहे. भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहायचे आहे, तिथे वीज नाही. त्यांच्या सीपॅप मशीनचे काय करावे?

उत्तर : मशीन घरी ठेवून मात्र जाऊ नका, ते नसेल तर पहिल्याच रात्री श्वास पुन्हा अडखळू लागतो. सर्वांत जास्त वीज खातात ते ह्युमिडिफायर आणि गरम नळी. ती दोन रात्री बंद ठेवता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. ह्युमिडिफायर आणि गरम नळीशिवाय मशीनला ३० वॉट लागतात असे धरले, तर आठ तासांचे २४० वॉट-तास होतात. म्हणून दोन रात्रींसाठी, थोडी वीज शिल्लक धरून, ६०० वॉट-तासांचे पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या. इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जाते, त्यापेक्षा मशीनच्याच कंपनीची डीसी केबल बरी. निघण्याआधी एक अख्खी रात्र घरीच बॅटरीवर काढून बघा. हे टाळू नकाच.