डोकीं पस्तीस, पाय चौऱ्याण्णव

एका पिंजऱ्यांत कांहीं पक्षी व कांहीं ससे एकत्र कोंडले आहेत. वरून डोकीं मोजलीं तर तीं ३५ भरतात. खालून पाय मोजले तर ते ९४ होतात. तर पक्षी किती व ससे किती?

हें कोडें पुष्कळ जुनें आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या ते पांचव्या शतकांच्या दरम्यान चीन देशांत सुन्‌ त्झु नांवाच्या गणितज्ञानें एक ग्रंथ रचिला, त्यांत तें ह्याच संख्यांसह आलें आहे. (युद्धशास्त्रावर लिहिणारा प्रसिद्ध सुन्‌ त्झु तो निराळा, तो ह्याच्या कित्येक शतकें आधीं होऊन गेला.) मूळ कोड्यांतील पक्षी फेझंट जातीचे, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यासारखे आहेत. जपानांत ह्याच जातीच्या कोड्यांत सारस व कासवें येतात. जनावर कोणतेंहि असो. एकाला पाय दोन व दुसऱ्याला चार असले म्हणजे झालें.

आमच्या आठवीच्या वर्गांत बीजगणिताचा आरंभ करितांना मी हें कोडें फळ्यावर लिहितों. पुष्कळ मुलें अंदाजानें सुरुवात करितात. वीस पक्षी व पंधरा ससे धरले तर पाय शंभर होतात. मग ससे कमी करावयाचे. असें चांचपडत उत्तर सांपडतें खरें, पण डोकीं साडेतीन हजार असतीं तर दिवस मावळला असता! म्हणून बीजगणित सांगतें कीं, जें ठाऊक नाहीं त्याला आधीं नांव द्या. सशांची संख्या क्ष माना. एकंदर डोकीं ३५ असल्यामुळें पक्षी ३५ − क्ष इतके झाले. प्रत्येक सशाचे चार पाय व प्रत्येक पक्ष्याचे दोन, म्हणून

४क्ष + २(३५ − क्ष) = ९४

कंस सोडविला असतां ४क्ष + ७० − २क्ष = ९४; म्हणजे २क्ष + ७० = ९४. दोन्ही बाजूंतून ७० वजा केले कीं २क्ष = २४, आणि क्ष = १२. ससे बारा, पक्षी तेवीस. ताळा पाहूं: ४८ आणि ४६ मिळून ९४. बरोबर.

आतां येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांमागें मी हें कोडें फळ्यावर लिहून खडू खालीं ठेवतों न ठेवतों तोंच मागच्या बांकावरून एक मुलगा "बारा ससे" असें म्हणाला. हा मुलगा शेळ्या राखणाऱ्या घरांतला. वहींत त्याचें अक्षर कधीं ओळीवर बसत नसे. रीत विचारतां तो म्हणाला, "सर, सगळ्या सशांना पुढचे पाय वर उचलायला सांगितले. मग जमिनीवर प्रत्येकाचे दोनच पाय राहिले. पस्तीस दुणे सत्तर. चोवीस पाय वर गेले, ते सगळे सशांचे. एकाचे दोन, म्हणून बारा." वर्ग खो खो हंसला. मीहि हंसलों, आणि "ही रीत नव्हे, समीकरण मांडून आण," असें सांगून त्याला खालीं बसविलें. त्यानंतर कित्येक दिवस त्यानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं.

पुढें एका संध्याकाळीं वह्या तपाशीत असतां पुनः पुनः तीच ओळ डोळ्यांखालून जाऊं लागली: दोन्ही बाजूंतून ७० वजा केले. हे सत्तर कोणते? पस्तीस डोक्यांमागें दोन दोन पाय! त्या मुलानें जें अंगणांत करून दाखविलें, तेंच आम्ही फळ्यावर करीत होतों. २क्ष म्हणजे सशांचे वर उचललेले पाय, आणि २४ ही त्यांचीच मोजणी. समीकरणांतील एकहि पायरी त्यानें गाळली नव्हती. फक्त क्ष हें अक्षर लिहिलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें मी तें कबूल केलें. शिक्षकाला ही गोष्ट सोपी नसते, पण त्या दिवशीं ती न करणें अधिक कठीण होतें.

गंमत अशी कीं, खुद्द सुन्‌ त्झुची रीत ह्याच जातीची आहे. तो पायांची संख्या आधींच निम्मी करितो: ९४ चे ४७. त्यांतून डोकीं ३५ वजा केलीं कीं उरले १२, तेच ससे. निम्मे पाय म्हणजे काय? प्रत्येक पक्षी एका पायावर उभा व प्रत्येक ससा मागच्या दोन पायांवर. आतां पक्ष्याला एक डोकें व एक पाय; सशाला एक डोकें व दोन पाय. डोक्यांहून पाय जितके अधिक, तितके ससे. समीकरणाला आरंभींच दोहोंनीं भागून पाहा, २क्ष + (३५ − क्ष) = ४७ अशी हीच रीत हातीं येईल.

तुम्ही विचाराल, मग क्ष हवा कशाला? पाय उचलण्याची युक्ति पायांच्या कोड्यापुरतीच चालते, म्हणून. भास्कराचार्यांनीं इसवी सन ११५० त पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणींत बीजगणित हा एक भाग आहे. त्यांतील एक उदाहरण घ्या. एकापाशीं ६ घोडे व रोख ३०० आहेत. दुसऱ्यापाशीं त्याच किंमतीचे १० घोडे आहेत, परंतु त्याच्या डोक्यावर १०० चें ऋण आहे. दोघांची संपत्ति सारखी आहे. तर घोड्याची किंमत काय? येथें कोणत्या घोड्याला कोणता पाय उचलावयास सांगाल? पण किंमत क्ष मानतांच ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून ४क्ष = ४००, आणि किंमत १००. दोघेहि नऊशेंचे धनी ठरतात. भास्कराचार्य क्ष न म्हणतां यावत्तावत् म्हणत, म्हणजे 'जितकें असेल तितकें'. लिहितांना त्याचें 'या' एवढेंच अक्षर घेत. ऋण राशीच्या डोक्यावर ते एक टिंब देत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिला, त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख आपल्या खानदेशांत, चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे.

समीकरणाचा आणखी एक गुण. कोडें घालणाराच चुकला तर तें लगेच उघडें पडतें. ३५ डोकीं व ९५ पाय असें कोणी सांगितलें तर क्ष = १२½ येतो. अर्धा ससा पिंजऱ्यांत कसा राहील? मोजणी चुकली असें समजावें. वर्गांत मी हें सांगितलें तेव्हां आमचा तोच मुलगा म्हणाला, "किंवा ससे तेरा असतील आणि त्यांतला एक तीन पायांचा." ताळा केला: ५२ आणि ४४ मिळून ९६, त्यांतून एक गेला, ९५. शेळ्यांच्या कळपांत वावरलेल्यालाच असा विचार सुचावा!

परंतु उत्तर पूर्णांकी आलें म्हणजे निःशंक व्हावें, असेंहि नाहीं. भास्कराचार्यांचें वानरांचें उदाहरण ह्यासाठीं मला फार आवडतें. वानरांच्या कळपाच्या पांचव्या हिश्शांतून तीन कमी करून उरलेल्याचा वर्ग केला. तितके वानर गुहेंत गेले, आणि एकटा फांदीवर दिसत राहिला. कळप केवढा? पांचवा हिस्सा क्ष माना; (क्ष − ३)² + १ = ५क्ष. सोडविलें असतां क्ष = १० किंवा क्ष = १; म्हणजे वानर ५० किंवा ५. दोन्ही उत्तरांनीं समीकरण जुळतें. पण कळप पांचांचा धरला तर पांचवा हिस्सा एक, आणि एकांतून तीन वानर वजा करावयाचे! भास्कराचार्यांनीं पांच हें उत्तर टाकून दिलें, कारण अशी ऋण संख्या लोकांस पटत नाहीं. अक्षराला वानर म्हणजे काय तें ठाऊक नसतें. तें सोडविणाऱ्यानें पाहावयाचें.

हें वानरांचें उदाहरण ज्या दिवशीं झालें, त्याच्या दुसऱ्या दिवशीं त्या मुलानें स्वतःचें एक कोडें आणलें व माझ्या परवानगीनें फळ्यावर लिहिलें. अक्षर तसेंच, ओळीवर न बसणारें. 'सकाळीं आमच्या अंगणांत डोकीं २१, पाय ५८. शेळ्या आणि कोंबड्या मिळून. कोंबड्या किती?' सर्व मुलांनीं समीकरण मांडलें. ४क्ष + २(२१ − क्ष) = ५८; २क्ष = १६; शेळ्या ८, कोंबड्या १३. मीहि मनांतल्या मनांत तेंच केलें होतें. तो मान हलवून म्हणाला, "कोंबड्या बाराच."

ताळा तर बरोबर येत होता. मी विचारलें, "मग तेरावी कोठें गेली?"

"तेरावा मी, सर. मोजायला उभा होतों."