सैल त्वचा आणि सुईचा उपचार

जबलपूर शहराच्या पूर्वेस रांझी हे उपनगर आहे. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि सैन्यासाठी मालमोटारी बांधणारी व्हेइकल फॅक्टरी यांच्या शेजारची कामगारवस्ती अशी त्याची ओळख आहे. जबलपूरहून पुढे गेले की मंडला आणि दिंडोरी या जिल्ह्यांचा मुलूख लागतो. तेथील बैगा स्त्रिया कपाळ, पाठ, हात आणि पाय गोंदवून घेतात. लहानपणी कपाळावर गोंदलेले चिन्ह म्हातारपणीही तेथेच असते. त्वचेचा वरचा थर महिना-दीड महिन्यात पूर्ण बदलतो. मग हे चिन्ह टिकते कसे? सुईने रंग ज्या थरात नेऊन ठेवलेला असतो, तो थर खालचा आणि त्या मानाने स्थिर असतो.

सैल पडलेली त्वचा घट्ट करण्यासाठी आज जे सूक्ष्म सुयांचे उपचार केले जातात, त्यांचा संबंध याच खालच्या थराशी आहे. त्यांत रंग भरला जात नाही, केवळ टोचले जाते. नुसत्या टोचण्याने त्वचा सुधारते कशी, किती सुधारते आणि कोठे सुधारत नाही, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

त्वचेची घडण

त्वचेचे मुख्य थर दोन. बाह्यत्वचा अतिशय पातळ असून चेहऱ्यावर तिची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर भरते. तिच्याखाली अंतस्त्वचा असते. ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड असून त्वचेचे बळ तिच्यातच असते. पाणी वगळून वजन केले, तर अंतस्त्वचेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. इलॅस्टिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे तंतू ताणलेल्या त्वचेला पूर्वस्थितीत आणतात.

कोलॅजेनची रचना उलगडण्याचे श्रेय एका भारतीय प्रयोगशाळेकडे जाते. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला आणि हे प्रथिन तिपेडी असल्याचे दाखवून दिले. तीन पेड एकमेकांभोवती वळले की दोर जसा चिवट होतो, तसेच येथेही घडते. अंतस्त्वचा म्हणजे अशा असंख्य दोरांचे विणकाम, आणि तंतुजनक पेशी हे तिचे विणकर.

त्वचा सैल का पडते

तारुण्य ओसरू लागल्यावर कोलॅजेन दरवर्षी सुमारे एक टक्का या गतीने घटत जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट अधिक झपाट्याने होते. धूम्रपानाने तिची गती वाढते. परंतु बाह्य कारणांपैकी सर्वांत बलवान कारण सूर्यप्रकाश हेच होय. २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याने २८ वर्षे वाहन चालविले होते. तेथे चालक डाव्या बाजूस बसत असल्याने खिडकीचे ऊन त्याच्या डाव्या गालावर पडत असे. त्या गालाची त्वचा जाड, सुरकुतलेली आणि लोंबती झाली होती. उजवा गाल मात्र पुष्कळच तरुण दिसत होता. वय एक, आहार एक, अनुवंश एक. फरक केवळ उन्हाचा. खिडकीच्या काचेतून आरपार जाणारे दीर्घलहरी अतिनील किरण या हानीला कारण ठरले. भारतातील चालकाच्या बाबतीत धोक्याची बाजू अर्थातच उजवी.

सैलपणाचे कारण सर्वस्वी त्वचेतच असते असे मात्र नव्हे. वयोमानाने चेहऱ्याची हाडे झिजतात, मेदाच्या गाद्या आक्रसतात व खाली सरकतात आणि त्यांना धरून ठेवणारे बंध ढिले पडतात. उशीतील कापूस कमी झाला म्हणजे अभ्रा सैल दिसू लागतो. अभ्र्याचे कापड कितीही चांगले असले तरी तो ताठ होत नाही. पुढील विवेचनात हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागेल.

सुई काय करते

१९९७ साली कॅनडातील कॅमिरँड आणि दूसे या शल्यविशारदांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेचे पांढरे वण झाकण्यासाठी त्यांनी गोंदण्याच्या यंत्राने त्यांत त्वचेसारखा रंग भरला होता. कालांतराने रंग विरला, पण वण पूर्वीपेक्षा चांगले दिसत होते. गुण रंगाचा नसून टोचण्याचा होता. त्यापुढे त्यांनी रंगाविनाच यंत्र वापरून पाहिले. दक्षिण आफ्रिकेतील डेस्मंड फर्नांडिस यांनी बारीक सुया बसविलेले फिरते रूळ वापरात आणून या उपचाराचा प्रसार केला.

यामागील तत्त्व सोपे आहे. सूक्ष्म जखम होताच रक्तबिंबिका तेथे जमतात आणि वाढीस चालना देणारी द्रव्ये सोडतात. तंतुजनक पेशी जाग्या होतात. प्रथम कच्चे, नाजूक कोलॅजेन तयार होते व पुढील काही महिन्यांत त्याची जागा बळकट कोलॅजेन घेते. म्हणजे काम करते ते शरीर. सुई त्याला केवळ हाक देते. म्हणूनच फळ उशिरा मिळते, आणि चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात.

श्रीनगर येथील त्वचारोगतज्ज्ञ इम्रान माजिद यांनी २००९ साली चेहऱ्यावरील खोलगट वणांवर केलेल्या अशा उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार पूर्ण करणाऱ्या ३६ रुग्णांपैकी ३४ जणांच्या वणांची तीव्रता एक-दोन श्रेणींनी उतरली. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. परंतु तो वणांविषयीचा होता, लोंबत्या गालांविषयीचा नव्हे. जाहिरातींत हा फरक बहुधा गाळला जातो.

सुईची लांबी हीच सुईची मर्यादा

दवाखान्यातील सुया सामान्यतः अर्धा ते अडीच मिलिमीटर लांब असतात. त्या अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. मेद, बंध आणि हाडे त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात. त्यामुळे बारीक सुरकुत्या, खडबडीतपणा आणि किंचित ढिलेपणा यांत सुधारणा होते. हनुवटीखालची लोंबती घडी मात्र सुईने वर उचलली जात नाही. घरगुती वापराच्या रुळांच्या सुया तर पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यांनी लावलेले मलम थोडे अधिक मुरते, यापलीकडे फारसे काही घडत नाही.

अधिक खोल जाण्यासाठी उष्णतेचा आश्रय घेतला जातो. रेडिओलहरींच्या उपचारात वरची त्वचा थंड ठेवून अंतस्त्वचा तापवितात, त्यामुळे कोलॅजेनचे तंतू आखडतात. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. एकत्र केंद्रित केलेल्या श्राव्यातीत ध्वनिलहरी सुमारे साडेचार मिलिमीटर खोल पोहोचतात. भुवई उचलण्यासाठी त्यांना २००९ साली मान्यता मिळाली. सुई आणि रेडिओलहरी यांचा संयोगही केला जातो. या सर्वांचा परिणाम सौम्य ते मध्यम असतो आणि तो कायम टिकत नाही. जादा झालेली त्वचा प्रत्यक्ष कमी करावयाची तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही.

सावळी त्वचा आणि इतर धोके

भारतीय त्वचेत रंगद्रव्य विपुल असते. भाजले किंवा सुजले की रंगपेशी चेततात आणि काळे डाग मागे राहतात. काही लेसर उपचारांनंतर हे वारंवार घडते. सुईने बाह्यत्वचा फारशी नष्ट होत नसल्याने डागांचा धोका कमी असतो, शून्य नसतो. हाडाजवळच्या पातळ त्वचेवर सुई जोराने दाबली गेली, तर रुळांसारख्या ठिपक्यांच्या ओळी कायम राहिल्याचेही आढळले आहे. जखमेवर वाढते वण उठण्याची प्रवृत्ती, चालू असलेले मुरूम, अनियंत्रित मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास ते वैद्यास आधीच सांगावे. टोचल्यानंतर वाटेल ते द्रव्य चोळणेही घातक ठरते. २०१४ साली अमेरिकेत तीन स्त्रियांच्या चेहऱ्यावर अशा वापरानंतर गाठीयुक्त दाह उद्भवल्याची नोंद झाली.

सर्वांत गंभीर धडा अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातून मिळाला. तेथील एका विनापरवाना सौंदर्यगृहात रुग्णाचे स्वतःचे रक्तद्रव्य वापरून सुईचे उपचार केले जात. २०१८ साली तेथील एका गिऱ्हाइकास एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले आणि चौकशी सुरू झाली. तीन स्त्रियांना ही लागण बहुधा तेथील उपचारांतूनच झाली, असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. सुईच्या प्रत्येक छिद्रातून रक्ताशी संबंध येतो. म्हणून सुयांचा संच प्रत्येक वेळी निर्जंतुक व नवा हवा आणि तो रुग्णासमोर उघडला गेला पाहिजे.

निर्णय घेताना

उपचारांच्या जाहिराती आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. पगारदार कुटुंबाने काही महिन्यांची बचत खर्चण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: सैलपणा त्वचेचा आहे की खालच्या आधाराचा? टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ आहे काय? आणि किती सुधारणा अपेक्षित आहे, हे तिने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी रांझीच्या रहिवाशाला दूर जावे लागत नाही. जबलपुरातच नेताजी सुभाषचंद्र बोस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

टोपी, छत्री, सूर्यप्रकाशरोधक मलम आणि तंबाखूचा त्याग हे उपाय मुळातील हानीच रोखतात. गेलेले कोलॅजेन सुईने थोडे परत मिळते. असलेले राखणे हे त्याहून स्वस्त आणि निर्धोक आहे.