यादी आणि तिचे क्रमांक

हजेरीचें पुस्तक ही प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची वस्तु होय. त्यांत प्रत्येक ओळीस एक क्रमांक असतो व क्रमांकापुढें एक नांव असतें. एखादें नांव चुकून गळलें, तर तो मुलगा बाकावर बसलेला असूनही पुस्तकाच्या दृष्टीनें गैरहजर ठरतो. संगणकांतही असें पुस्तक करतां येतें. त्यास यादी अथवा 'अ‍ॅरे' म्हणतात. अशी यादी कशी करावी, आणि ती हाताळतांना कोणत्या चुकीमुळें एकाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरीं पडतें, याचा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

ह्या कामासाठीं आम्ही 'स्क्रॅच' हें साधन निवडलें आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या मीडिया लॅबमध्यें मिचेल रेझनिक व त्यांचे सहकारी यांनीं तें तयार केलें, आणि २००७ सालीं तें सर्वांस खुलें झालें. त्याची तिसरी आवृत्ति जानेवारी २०१९ मध्यें निघाली. त्यांत लांबलचक आज्ञा लिहाव्या लागत नाहींत. प्रत्येक आज्ञा एका रंगीत ठोकळ्यावर लिहिलेली असते. ठोकळे एकाखालीं एक अडकवीत गेलें कीं आज्ञावली तयार होते.

प्रथम 'नांवें' ह्या नांवाची एक यादी करावी. यादी होतांच तिच्याबरोबर कांहीं नवे ठोकळे मिळतात. एक ठोकळा शेवटीं नवें नांव जोडतो. दुसरा सांगितलेल्या क्रमांकाचें नांव काढून टाकतो. तिसरा मध्येंच नांव घालतो. चौथा जुन्याच्या जागीं नवें ठेवतो. अमुक क्रमांकास कोणतें नांव आहे, अमुक नांव कितव्या क्रमांकास आहे, आणि एकंदर नांवें किती, हें सांगणारे ठोकळेही असतात. स्क्रॅचमध्यें मोजणी एकापासून होते. पायथॉनसारख्या भाषांत ती शून्यापासून होते, हें पुढें तिकडे वळणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आरंभींच एक सूचना. हिरव्या झेंड्यावर टिचकी मारून आज्ञावली पुन्हा चालविली, म्हणजे यादी आपोआप रिकामी होत नाहीं. सहा नांवें जोडणारी आज्ञावली दोनदां चालविली तर नांवें बारा होतात. म्हणून 'सर्व काढून टाका' हा ठोकळा सर्वांत वर लावावा.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. समजा, यादींत सहा जागा आहेत: १ अनंत, २ रिकामी, ३ रिकामी, ४ मेरी, ५ रहीम, ६ सुशीला. रिकाम्या जागा काढावयाच्या आहेत. विद्यार्थी सहज असा विचार करतो कीं, पहिल्या क्रमांकापासून सहाव्यापर्यंत जावें, आणि जागा रिकामी दिसली कीं ती काढावी. ह्यांत चूक ती काय? पण करून पाहावें. दुसरी जागा काढतांच तिसरी रिकामी जागा सरकून दुसरी होते. आपण मात्र पुढें तिसऱ्या क्रमांकावर जातों. तेथें आतां मेरी आहे. सरकून आलेली रिकामी जागा तपासलीच जात नाहीं, आणि ती यादींत तशीच राहते.

ह्यावर उपाय सोपा आहे. शेवटापासून आरंभाकडे यावें. सहा, पांच, चार असें मोजावें. मग जागा काढली तरी जीं नांवें सरकतात तीं आपण आधींच पाहिलेलीं असतात. दुसरा उपाय असा: नांव असेल तरच क्रमांक एकानें वाढवावा, जागा काढली तर क्रमांक तोच ठेवून तेथेंच पुन्हा पाहावें.

परंतु याहून मोठा धोका पुढें आहे. नांवांच्या शेजारीं 'गुण' अशी दुसरी यादी असते, असें समजूं: ६१, रिकामी, रिकामी, ८४, ४७, ७२. दोन्ही याद्यांचें नातें केवळ क्रमांकाचें आहे. आतां रिकाम्या जागा फक्त 'नांवें' ह्या यादींतून काढल्या, तर अनंत, मेरी, रहीम व सुशीला हीं चार नांवें एकापासून चारपर्यंत येतात. 'गुण' ही यादी मात्र जेथल्या तेथेंच राहते. चौथ्या क्रमांकावर सुशीला, आणि चौथ्या क्रमांकाचे गुण ८४! ते गुण मेरीचे होत. सुशीलेला न मिळविलेले गुण मिळाले, आणि मेरी व रहीम यांच्यापुढें कांहींच उरलें नाहीं. संगणकानें कोठेंही चूक दाखविली नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें चूक झालीच नाहीं. त्यास मेरी ठाऊक नाहीं; त्यास केवळ 'चौथी जागा' ठाऊक आहे. म्हणून एका यादींतून जागा काढतांना त्याच क्रमांकाची जागा दुसऱ्या यादींतूनही त्याच वेळीं काढावी.

मजकुराविषयीं आणखी तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. 'राम' आणि शेवटीं एक मोकळी जागा पडलेला 'राम' हे आपणांस एकच वाटतात, संगणकास नव्हे. म्हणून शोधलेलें नांव डोळ्यांसमोर असूनही सांपडत नाहीं, व उत्तर शून्य येतें. एकाच नांवाचे दोघे असल्यास पहिल्याचाच क्रमांक मिळतो. यासाठीं आडनांवही लिहावें. तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. 'मराठी' ह्या शब्दाची लांबी विचारली तर स्क्रॅच पांच सांगतें. आपण तीन अक्षरें वाचतों, पण यंत्र म, र, काना, ठ आणि वेलांटी असें निरनिराळें मोजतें. म्हणून मराठी शब्दांतील 'तिसरें अक्षर' मागतांना सावध असावें. येथें केवळ काना हातीं येईल.

विद्यार्थिमित्रहो, वरील सहा जागा प्रथम कागदावर लिहा. एक एक जागा खोडून पुढील जागा सरकवा, आणि मगच ठोकळे जोडा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, आपल्या पाल्याची आज्ञावली 'चालली' एवढ्यावर समाधान मानूं नये. "चौथ्या क्रमांकावर कोण आहे, आणि त्याचेच गुण तेथें आहेत काय?" असें एकदां विचारावें. त्यासाठीं पालकांस संगणक येण्याची गरज नाहीं.

शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें असतां नव्याण्णव सोडून त्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण अनेकदां ऐकला आहे. यंत्र शंभर जागा क्षणांत मोजतें, पण कोणी हरवलें आहे याची त्यास खंत नसते. ती खंत यादी करणाऱ्यानेंच बाळगावयाची आहे. क्रमांकामागें माणूस आहे, हें जो विसरत नाहीं तोच यादी नीट करतो.