गाडी त्याला बनवू द्या, पण हिशेब मागा

मुलाने घरात ‘कॅफे रेसर’चं नाव काढलं की आईच्या पोटात गोळा येतो आणि बाबा ओरडतात, “चालत्या गाडीचं भंगार करणार का?” तुमची धास्ती कळते मला. तरी आज थोडं त्याच्या बाजूने बोलतो. रांजणगावात हा हट्ट धरणारा पोरगा बहुतेक वेळा उनाड नसतो. आयटीआय करून एमआयडीसीत लागलेला असतो. फियाट, एलजी, हायर, व्हर्लपूलमध्ये, नाहीतर त्यांना माल पुरवणाऱ्या एखाद्या वर्कशॉपात. अख्खी शिफ्ट दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम तोच तो नट आवळायचा. मग घरी आल्यावर एखादी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हाताने उभी करावीशी वाटली, तर त्यात वावगं काय?

हे वेड सुरू केलं तेही कष्टकऱ्यांच्याच पोरांनी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली उघडलेलं एस कॅफे हा त्यांचा अड्डा. १९५०-६०च्या दशकांत तिथे रात्री मोटारसायकली जमत. नवी रेसची गाडी परवडत नसे, म्हणून जुन्या गाडीचं फालतू वजन उतरवायचं, हँडल खाली घ्यायचं, फूटरेस्ट मागे न्यायचे आणि टाकीवर ओणवं होऊन गाडी हाणायची. नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलं की झाली ‘ट्रायटन’. ताशी शंभर मैल गाठण्यात सगळी प्रतिष्ठा. त्या ईर्षेपायी काहींनी जीवही गमावला, हे मी लपवत नाही.

रॉयल एनफिल्डने २०१३ मध्ये हाच थाट कॉन्टिनेंटल जीटीच्या रूपाने आपल्याकडे आणला. आज तिची ६५० सीसीची गाडी तीन लाखांच्या वर जाते. ती हप्त्यावर घेऊन देण्यापेक्षा, पडवीत धूळ खात पडलेली जुनी स्प्लेंडर त्याच्या ताब्यात द्या. ९७.२ सीसीचं इंजिन, ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. शंभर मैल ती स्वप्नातही गाठणार नाही. आईबापाला याहून मोठा दिलासा कोणता?

आता पैशांचं. समजा वीस हजार ठरले. मुलगा आधी रंग, गोल हेडलाइट आणि सीटवर खर्च करील आणि ब्रेकला पैसे उरणार नाहीत. म्हणून पहिली अट घाला: अर्धे पैसे गाडी थांबण्या-वळण्याचे. टायर, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, बेअरिंग, केबल, वायरिंग. त्यांची बिलं दाखव, मग उरलेले घे. पुण्यात नाना पेठेत दुचाकीचे नवे पार्ट मिळतात. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे घासाघीस करून जुनी टाकी, मीटर, हेडलाइटची वाटी खुशाल घ्यावी. ब्रेक शू, टायर आणि केबल मात्र नवीनच. आणि बिनपावतीचं इंजिन फुकट मिळालं तरी नको. चोरीचं निघालं तर निस्तरणार कोण?

काम झालं की एकदा तुम्हीही तपासा, त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घ्या. मागून कुणीतरी दाबून पुढचं चाक उचलू द्या आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं, तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. खाली घेतलेलं हँडल आणि टाकी यांत अंगठा चिमटतो का पाहा. शेवटी इंजिन चालू ठेवून पुन्हा तसंच वळवा. अॅक्सिलरेटर न पिळता आवाज वाढला, तर केबल ताणली जातेय. नगर रस्त्यावर कंटेनर आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वळताना हेच जिवावर बेतेल.

कायद्याचंही आधीच बोलून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा चेसिसला कटर लावायचा नाही आणि कर्कश सायलेन्सर नको. रंग बदलला तर आरटीओत नोंद करायची, बाकी बदलांबद्दलही तिथे आधी विचारायचं. जे काढलं ते पुन्हा बोल्टने मूळ जागी बसलं पाहिजे. गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर पहिला खर्च फेरनोंदणीचा. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर पाना हातात द्या, किल्ली नाही. त्याने रस्त्यावर गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एका जागेची सीट मात्र विसरायला सांगा. आरसीवर जागा दोन आहेत, आणि महागणपतीला जाताना मागे आई बसणार आहे. साडीगार्ड राहू दे. त्याला ते शोभेला बाधा वाटेल. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचं ते संरक्षण सक्तीचं आहे. आईला पदर सावरून नीट बसता येईल अशी कॅफे रेसर आखून दाखव म्हणावं. खरी कारागिरी तिथेच कळेल.

पैसे कमी आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. हात आखडता असला की कशावाचून भागतं आणि कशावाचून नाही, हे पोराला पार्टगणिक ठरवावं लागतं. पुढे घर चालवताना त्याला हेच करायचं आहे. तेव्हा नुसतं ‘नाही’ म्हणून विषय संपवू नका. शंभर पानी वही आणा, पहिल्या पानावर रक्कम आणि अटी लिहा, खाली दोघांनी सही करा आणि येत्या रविवारी त्याच्याबरोबर जुन्या बाजारात जा. भाव करण्यात तो अजून कच्चा आहे, तुम्ही पक्के आहात.