अभ्यास अडला तर

विट्यास कीर्तन आटोपल्यावर यंत्रमाग चालविणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हांस गाठले. "बुवा, ७ वर्षं आसन-प्राणायाम करतोय. पहिली दोन वर्षं मन हलकं झालं. आता जिथल्या तिथं. सोडून द्यावं म्हणतो."

सज्जनहो, ही अडचण जुनीच आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात व्याधी, संशय, आळस इत्यादी ९ अंतराय मोजले. त्यांत 'अलब्धभूमिकत्व' आहे. म्हणजे पुढची पायरी न लाभणे. लाभलेली पायरी न टिकणे, हे 'अनवस्थितत्व' त्यांनी निराळे सांगितले. तेव्हा अडणे हे वाटेवरचेच ठिकाण समजावे. त्यावर उपाय एकाच तत्त्वाचा अभ्यास. रोज नवी विहीर खणू नये.

अभ्यास दृढ होण्यास अटी तीन : दीर्घकाळ, अखंडपणा आणि आदर. आम्ही विचारले, "यांतली कोणती सुटली?"

गृहस्थ घटकाभर गप्प राहिले. "आदर, बुवा. हल्ली नुसतं उरकतो."

"मागावर धागा तुटला तर माग विकता काय?"

"छे! गाठ मारतो."

"मग उद्या पहाटे तेवढेच करा."

ते गेले. आमचाही हरिपाठ कित्येकदा नुसता उरकला गेला आहे. त्या रात्री आम्हीही एक गाठ मारली.