सिक्वेन्स मोठा की कलर?

शेवटचं पान उलटलं आणि प्रस्तुत लेखकाला डाव जिंकल्याची खात्री पटली. टेबलावर बदामची दश्शी, बदामचा गुलाम, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री आणि आता बदामची तिर्री. हातात किलवरची अठ्ठी, इस्पिकची नव्वी. सत्तीपासून गुलामापर्यंत सलग सिक्वेन्स! त्याने आठ हजारांच्या चिप्स पुढे सरकवल्या. समोरच्याने क्षणाचाही विचार न करता तेवढ्याच लावल्या आणि बदामचा एक्का, बदामची छक्की उघडली.

"कलर."

"मग सिक्वेन्स वर," म्हणत लेखकाने पॉटकडे हात नेला. यजमानाने तो मनगटाशी धरला. "पोकरमध्ये कलर मोठा असतो रे." टेबलाभोवतीचे सगळे हसले.

याच यजमानाला संध्याकाळी, पत्ते पिसले जात असताना, स्पष्ट विचारलं होतं, "नियम तीन पत्तीचेच ना?" उत्तर आलं, "हो रे, तीनच्या जागी पाच, एवढंच." दिवाळीच्या रात्री, मित्राच्या घरी, माणूस याहून अधिक चौकशी करत नाही. नंतर तोच सर्वांदेखत म्हणाला, "खेळायला येताना नियम पाठ करून यायचं असतं." आठ हजारांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. अजून लागतं.

फरक "एवढंच" नाही. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत नुसते कलर 1,096, नुसते सिक्वेन्स 720. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वर. पाच पानांचे हात 25,98,960. त्यांत कलर 5,108, सिक्वेन्स 10,200. पारडं उलटतं. उतरता क्रम असा: एकाच रंगाचा सिक्वेन्स, चार सारखी पानं, फुल हाऊस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी, मग कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठं पान. एक्का-दुर्री-तिर्रीचा रुबाबही इथे चालत नाही. एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सर्वांत लहान.

'ब्लाइंड' हा शब्दही फसवतो. तीन पत्तीत तो न बघता खेळणं. टेक्सस होल्डेममध्ये, म्हणजे त्या रात्री चाललेल्या पोकरमध्ये, वाटपाआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम. मग प्रत्येकाला दोन पानं, आणि सगळ्यांसाठी मध्ये पाच: आधी तीन, मग एक, मग एक. सातांतली उत्तम पाच धरायची. पहिल्या दोन पानांनंतर आणि मग प्रत्येक टप्प्याला बोली.

त्या डावात लेखकाची स्वतःचीही एक चूक झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पहिली तीन पानं उघडली तेव्हा त्याच्याहून मोठा हात कुणाचाच असू शकत नव्हता. तरी तीन पत्तीच्या सवयीने, समोरचा गळाला लागावा म्हणून, तो दोनदा गप्प राहिला. चौथ्या पानानंतर समोरच्याला न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम नऊ. जवळपास पाचात एक संधी समोरच्याला फुकट मिळाली. मध्ये एकाच रंगाची दोन पानं दिसली आणि हात भक्कम असला, तर तिथेच पैसे लावावेत. पुढचं पान बघायची किंमत समोरच्याने मोजावी.

बाकी सल्ले सगळे देतात, पण खरे आहेत: घरून ठरवलेली रक्कम संपली की उठावं, उधारीवर खेळू नये, सराव चिंचोक्यांवर करावा. मोबाइलवर पैसे लावून शिकायचा तर प्रश्नच नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने अशा खेळांवर कायद्याने बंदी आणली. आणि खेळाआधी हातांचा क्रम कागदावर लिहून टेबलावर ठेवायला सांगावं. यजमान टाळाटाळ करत असेल तर नुसतं फराळाचं खाऊन घरी यावं.

त्याच रात्री, तासाभराने, यजमानाच्या मेहुणीला तीन राजे लागले. "ट्रेल!" म्हणून, तीन पत्तीतला सर्वांत मोठा हात समजून, तिने टाळी वाजवली. समोर पंजी ते नव्वीचा साधा सिक्वेन्स होता. तिलाही आधी कोणी काही सांगितलं नव्हतं.